समजून घ्या : प्रेमकथेतली माणसं कशी घडतात?

रत्नागिरीत १९४० साली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते प्रेमकथांचे लोकप्रिय कादंबरीकार ना. सी. फडके. ‘प्रतिभासाधन’मध्ये त्यांनी कथालेखनाचं तंत्रच मांडलं. गुंतागुंत आणि उत्कंठा यांवर त्यांचा भर. मात्र त्यांच्या नायक-नायिकांना पोटाची चिंता क्वचितच, हा आक्षेप कायम राहिला.

हेच तंत्र मिरकरवाडा बंदरात आणून पाहा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. खलाशी घरी, मागची उचल फिटलेली नाही. मनातलं बोलायचं तर याच दोन महिन्यांत. ऑगस्टमध्ये तो पुन्हा समुद्रावर. इथे उत्कंठा मुद्दाम रचावी लागत नाही. पात्राला काय हवं आणि काय परवडतं, यातल्या अंतरातच ती असते.