आत घेतलेला दरवाजा

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गड कसा बांधावा याचे एक सविस्तर प्रकरण आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या या ग्रंथात दरवाज्याविषयी पंतांचे म्हणणे नेमके आहे. दरवाजा खालून होणाऱ्या माऱ्यात सापडू नये, त्याच्या पुढे बुरूज द्यावेत आणि येण्याजाण्याची वाट त्या बुरुजांच्या टप्प्यात राहावी. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष, तेव्हा जागा पाहून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्याही ठेवाव्यात.

दार भिंतीच्या रेषेत न बसवता आत घ्यायचे ही रीत गडांपुरती नाही. लेणी, देवळे, वाडे, मुंबईतल्या जुन्या इमारती, सगळीकडे ती सापडते. कारणे मात्र जागोजागी बदलतात. दार किती आत घ्यायचे हे ठरवताना बांधणारा खरे तर दोन गोष्टी ठरवत असतो: येणाऱ्याला दाराबाहेर किती वेळ थांबवायचे, आणि त्याला कुठल्या कोनातून, कुणाच्या नजरेखालून आत घ्यायचे. दारावरची नक्षी त्यानंतरची.

बुरुजांच्या ओंजळीत

रायगडाच्या पायऱ्या चढून येणाऱ्याला महादरवाजा बराच वेळ दिसतच नाही. दिसतात ते दोन प्रचंड बुरूज, एक सुमारे 75 फूट उंच आणि दुसरा 65 फूट. वाट या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शिरते, वळते, आणि मग एकाएकी कमान समोर उभी राहते. दोन हातांच्या ओंजळीत ठेवावी तशी ती बुरुजांनी झाकून धरलेली आहे. दुर्गअभ्यासक या रचनेला गोमुखी बांधणी म्हणतात.

तिचा फायदा समजून घ्यायचा तर हल्लेखोराच्या जागी उभे राहावे. तोफेचा गोळा सरळ रेषेत दारावर घालायचा, तर दार दूरवरून दिसले पाहिजे. इथे दिसतो तो फक्त बुरूज, आणि त्याच्या भरीव दगडी अंगावर दारूगोळा वाया जातो. हत्तीची धडक द्यायची, तर त्याला धावत यायला मोकळी जागा लागते. वळणात ती मिळत नाही. ओंडके घेऊन माणसे घालावीत, तर त्या बोळात एका वेळी मोजकीच मावतात, मागच्यांची गर्दी त्यांनाच चेपते, आणि वरून दोन्ही बाजूंच्या जंग्यांतून, म्हणजे तटातल्या माऱ्याच्या भोकांतून, गोळ्या आणि तटावरून दगड सुरू होतात. बाहेर हजारोंची फौज असली तरी दाराशी लढाई मूठभरांचीच राहते.

महादरवाज्याच्या दोन्ही अंगांना कोरलेली कमळे आहेत. आत लक्ष्मी आणि सरस्वती नांदतात असा त्यांचा अर्थ सांगितला जातो. गडावर येणारे बहुतेक जण कमळांचे फोटो घेतात आणि ज्या वळणावर उभे राहून घेतात त्या वळणाकडे पाहत नाहीत. माझ्या मते रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांची खरी करामत ते वळण आहे.

पाण्यातल्या किल्ल्यांत हीच युक्ती आणखी परिणामकारक ठरते. मालवणच्या कुरटे बेटावर 1664 मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. होडी किल्ल्याच्या अगदी जवळ जाईपर्यंत समोर सलग तट दिसतो. त्याला दार कुठे आहे हे नवख्याला कळत नाही. तटाची रेषा आत वळते त्या खाचेत ते लपलेले आहे. शत्रूच्या गलबताला आधी दार शोधत तटाला समांतर फिरावे लागणार, म्हणजे तेवढा वेळ तोफांच्या तोंडी राहावे लागणार. मुरूडजवळच्या, सिद्दींच्या जंजिऱ्याचे मुख्य प्रवेशद्वारही दोन बुरुजांच्या आड असेच दडलेले आहे. सिद्दी आणि मराठे एकमेकांचे हाडवैरी, पण दार कसे लपवावे यावर दोघांचे एकमत होते!

एक दार पडले तरी

दरवाजा एकच असेल आणि तो फुटला, तर खेळ संपला. म्हणून दारामागे दार येते. लोहगडावर हे सर्वांत चांगले समजते. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारे चढत्या क्रमाने लागतात आणि त्यांना जोडणारी वाट नागमोडी आहे. वर जाऊन खाली पाहिले की सगळी रचना नकाशासारखी उलगडते: पहिले दार जिंकलेला माणूस दुसऱ्या दाराच्या तटाखालीच येऊन उभा राहतो. देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, ही कल्पना पार टोकाला नेलेली आहे. तिथे ओळीने दरवाजे, मध्ये चौक, फळ्यांवर लोखंडी खिळे आणि शेवटी डोंगराच्या पोटातून जाणारी काळोखी अंधेरी.

दाराच्या कमानीखाली आत शिरलात की दोन्ही बाजूंना देवड्या दिसतात, पहारेकऱ्यांनी बसण्याच्या, विसाव्याच्या जागा. दाराच्या मागच्या अंगाला भिंतीत समोरासमोर दोन चौकोनी भोके असतात. ती अडसराची. जाड तुळई एका बाजूच्या भोकात पूर्ण आत सरकवून ठेवायची आणि रात्री ओढून दुसऱ्या बाजूच्या भोकात टेकवायची. त्यासाठी भिंत दाराच्या रुंदीइतकी खोल लागते. दार पातळ भिंतीत बसवून भागत नाही याचे हे एक साधे, सुतारकामातले कारण.

संध्याकाळी रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून कडा उतरून बाळाकडे गेलेल्या हिरकणीची गोष्ट प्रत्येकाला माहीत असते. इतिहासाच्या कसोटीवर ती उतरो न उतरो, बंद दाराचा वचक काय होता ते तिच्यात बरोबर आले आहे.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा

गडाचे हे शहाणपण पुण्यात सपाट जमिनीवर उतरले. शनिवारवाड्याची पायाभरणी 10 जानेवारी 1730 रोजी झाली आणि 22 जानेवारी 1732 रोजी वास्तुशांत. उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा दोन बुरुजांच्या मध्ये आहे, वर नगारखाना. दोन्ही फळ्यांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. इथे रायगडासारखा डोंगर मदतीला नाही, वाट वळवायला कडा नाही, तेव्हा वळण दाराच्या बाहेर न देता आत दिले: दरवाजा ओलांडला की सरळ चौकात जाता येत नाही, आधी उजवीकडे आणि मग डावीकडे वळावे लागते.

एका फळीत दिंडी आहे, म्हणजे मोठ्या दारातले छोटे दार. रोजची ये-जा तिच्यातून. दिंडीतून जाताना माणसाला मान लववावी लागते आणि पाय उचलून टाकावा लागतो. पाहुण्याकडून हा नमस्कार होतो. हल्लेखोर मात्र त्या क्षणी आंधळा आणि तोल गेलेला असतो, आणि आतल्या पहारेकऱ्याला तेवढे पुरते.

देवडीवर थांबा

सरदार-सावकारांच्या वाड्यांना तोफांची धास्ती नव्हती, पण चोराची, दरोड्याची होती आणि रस्त्यावरच्या नजरेचीही. तळमजल्याच्या रस्त्याकडच्या जाड भिंतीत खिडक्या मोजक्या, आणि मध्ये एक भक्कम सागवानी दार. वर गणेशपट्टी, खाली उंच उंबरा. दारामागे लगेच घर सुरू होत नाही. तिथे देवडी असते, छप्पर असलेली, दोन्ही बाजूंना ओटे असलेली जागा.

घरात कोण किती आत येणार, हे देवडीवर ठरायचे. निरोप्या, वसुलीला आलेला, पैसे मागायला आलेला तिथूनच परत जाई. कारकुनाशी काम असलेला आणखी आत सोप्यापर्यंत येई. चौकापलीकडचे माजघर नात्यातल्यांसाठी. पुष्कळ वाड्यांत देवडीचे आतले दार बाहेरच्या दाराच्या समोर न ठेवता बाजूला सरकवलेले असते, त्यामुळे दोन्ही दारे सताड उघडी असली तरी रस्त्यावरून जाणाऱ्याला चौकातल्या बायका दिसत नाहीत. या व्यवस्थेत उबदार आतिथ्य होते तितकाच जातीपातीचा आणि पडद्याचा जाचही होता. उंबऱ्याच्या बाहेरच ज्यांना कायम थांबवले गेले, त्यांच्या लेखी देवडी म्हणजे निव्वळ अडवणूक होती. वाड्यांवर हळवे होऊन लिहिणाऱ्यांच्या लेखांत हे सहसा येत नाही.

देवळात दार लहान होत जाते

देवळाच्या गाभाऱ्याचे दार आत घेतले जाते ते कुणाला अडवण्यासाठी नव्हे, लक्ष एकवटण्यासाठी. चौकटीभोवती एकात एक पट्ट्या कोरतात, त्या द्वारशाखा. तीन असतील तर त्रिशाखा, पाच असतील तर पंचशाखा, सातांची सप्तशाखा. एखादी वेलबुट्टीची, एखादी अर्धस्तंभांची, एखादी व्याळांची. प्रत्येक शाखा आधीच्या शाखेपेक्षा थोडी आत सरकते, त्यामुळे भली थोरली भिंत टप्प्याटप्प्याने आवळत माणूसभर उंचीच्या काळोख्या चौकोनापाशी येते. वरच्या पट्टीच्या मधोमध ललाटबिंबावर देवता, खाली द्वारपाल, उंबऱ्यावर कीर्तिमुख आणि पुढे जमिनीवर अर्धचंद्राकृती चंद्रशिला. तिरपा उजेड पडला की प्रत्येक शाखेची सावली पुढचीवर पडते. सपाट भिंतीवर हेच कोरकाम निम्मेही उठून दिसले नसते.

अंबरनाथचे 1060 मधले शिलाहारकालीन शिवमंदिर एक पाऊल पुढे जाते. तिथे गाभारा दाराच्या आत तर आहेच, शिवाय खालीही आहे. पायऱ्या उतरून जावे लागते.

आधी पाऊस

या सगळ्याच्या शेकडो वर्षे आधी कार्ल्याच्या चैत्यगृहापुढे दगडातच पडवी कोरली गेली. बाहेर खांबांचा पडदा, मग पडवी, मग तीन दारे: मधले मुख्य दालनात उघडणारे, बाजूची दोन बाजूच्या वाटांत. वर पिंपळपानाच्या आकाराचे भव्य गवाक्ष, ज्यातून येणारा उजेड आतल्या स्तूपापर्यंत पोचतो. लोणावळ्याच्या बाजूचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला या पडवीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जवळच भाजे लेणे आहे. तिथला दर्शनी भाग लाकडी होता आणि तो केव्हाच नाहीसा झाला. खाचा तेवढ्या उरल्या, आणि चैत्यगृह आज सताड उघडे आहे.

मुंबईत याच पावसाचा आणि उन्हाचा विचार कायद्यात आला. हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, 1896 च्या नियमाने इमारतींच्या तळमजल्यावर कमानींची सलग पडवी ठेवणे बंधनकारक झाले. दुकानांची दारे त्यामुळे पदपथाच्याही आत गेली आणि छत्री नसलेला माणूस कोरडा राहू लागला. फेरीवाल्यांनी ती जागा कधीच आपली केली आहे.

दार वाचते, देवडी जाते

पुण्या-नाशकातले वाडे पाडले जातात तेव्हा कोरीव दाराला गिऱ्हाईक मिळते. अशी दारे हॉटेलांच्या आणि फार्महाऊसच्या भिंतींत बसवलेली दिसतात. बहुतेकदा नऊ इंची विटेच्या भिंतीत, तिच्याच रेषेत. लाकूड वाचते, गणेशपट्टीही वाचते, पण अडसराला शिरायला भिंत नसते आणि फळी उघडली की थेट जेवणाची टेबले. उभ्या असलेल्या वाड्यांतही देवडीत दुचाकी, विजेचे मीटर आणि बंद पडलेली सायकल असा संसार असतो. गडांकडे त्या मानाने बरे लक्ष गेले आहे. काही ठिकाणी दुर्गप्रेमी संस्थांनी सागवानी दरवाजे नव्याने घडवून बसवले आहेत.

रायगडावर हल्ली बरेच जण रोपवेने जातात. पाळणा थेट माथ्याजवळ सोडतो, म्हणजे महादरवाजा वाटेत लागतच नाही. गुडघे साथ देत असतील तर वर पाळण्याने जावे आणि उतरताना पायऱ्या धराव्यात. महादरवाज्यापाशी आल्यावर कमानीतून लगेच बाहेर पडू नये. आधी तटावर चढावे, जंगीला डोळा लावावा आणि खालून दमून येणारी माणसे वळणावर कुठे दिसू लागतात, कितपत जवळ आल्यावर दिसू लागतात, हे पहारेकऱ्याच्या जागेवरून बघावे.