थकलेलें कुरण

वसईच्या डोंगरालगत पावसाळ्यांत सर्वच रान हिरवें दिसतें. पण हिरवें तेवढें कुरण चांगलें नव्हे. गुरें पवना, मारवेल हीं गोड गवतें आधीं खातात. त्यांस बीं धरण्यास अवसर न मिळाल्यास कुसळी माजते व माती धुपून जाते. ह्यास उपाय सोपा आहे. कुरणाचे तीन भाग करावे. दरसाल एक भाग बीं पडेपर्यंत बंद ठेवावा व नंतर तेथील गवत कापून गोठ्यांत घालावें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार ह्या कमी पावसाच्या गांवानें १९९० च्या दशकांत मोकाट चराई बंद करून उजाड माळ पुन्हां गवताळ केला. आपल्याकडे तर पाऊस विपुल. लहान शेतकऱ्यास एक भाग सोडणें जड जातें, हें आम्ही जाणतों. म्हणून शेजाऱ्यांनीं मिळूनच आरंभ करावा. एकट्याचें कुंपण गुरें मोडतात. गांवानें घातलेलें कुंपण सारा गांव राखतो.