अकाली पिकणारे केस

“आमचे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत,” असे वडीलधारी माणसे अभिमानाने सांगतात. पण तोच पांढरा केस विशीतल्या मुलाच्या कपाळाशी दिसला, की सारे घर काळजीत पडते. कोणी पाण्याला दोष देतो, कोणी साबणाला, आणि कोणी तेलाची बाटली आणून ठेवतो. या काळजीत खरे किती आणि वायफळ किती, एवढेच येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम ‘अकाली’ कशास म्हणावे? आशियाई लोकांत २५ वर्षांपूर्वी केस पिकू लागले, तर वैद्यकात ते अकाली धरतात. तेव्हा पस्तिशीत चार केस पांढरे दिसले, तर त्यात नवल काहीच नाही.

केसाच्या मुळाशी काही पेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करून वाढत्या केसात भरतात. त्यांचे काम मंदावले किंवा थांबले, म्हणजे मुळातून येणारा केस पांढरा निघतो. त्वचेबाहेर आलेला केस मात्र निर्जीव असतो. त्याचा रंग एका रात्रीत उडत नाही. एक पांढरा केस उपटला की दहा उगवतात, हेही खरे नव्हे. प्रत्येक केसाचे मूळ स्वतंत्र असते.

या पेशी लवकर का थकतात? बहुतेकांच्या बाबतीत उत्तर आनुवंशिकता हेच आहे. बापाचे किंवा आजोबांचे केस लवकर पिकले असतील, तर नातवाने त्यात रोग शोधत बसू नये.

दुसरे कारण मनस्तापाचे. क्रोध, शोक आणि श्रम यांनी शरीरातील उष्मा डोक्यात जाऊन पित्तासह केस पिकवतो, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. उपपत्ती जुनी असली, तरी निरीक्षण टाकाऊ नव्हे. तीव्र ताणामुळे उंदरांच्या केसांतील रंगपेशींचा साठाच संपतो, असे २०२० साली हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले. २०२१ साली कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांना माणसांचे काही केस ताण ओसरल्यावर पुन्हा रंग धरताना आढळले. पण असे केस थोडेच होते.

तिसरे कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. कारण त्यावर उपाय आहे. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइड ग्रंथीचे बिघाड, रक्तातील लोहाची कमतरता यांच्याशी अकाली पिकण्याचा संबंध आढळतो, धूम्रपानाशीही आढळतो. त्यांत ब-१२ आपल्या विशेष लक्षात राहावे. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. भाजीपाल्यातून मिळत नाही. म्हणून शाकाहारी घरांत, त्यातही दूध कमी घेणाऱ्यांत, ही उणीव पुष्कळ दिसते. ती केसांपुरतीच राहिली असती, तर गोष्ट वेगळी. पण हातापायांना मुंग्या येतात, जीभ लाल होते, थकवा जात नाही, विसराळूपणा वाढतो. आणि दीर्घकाळ दुर्लक्ष झाले, तर मज्जातंतूंची हानी कायमची होऊ शकते. पांढऱ्या केसांबरोबर यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त तपासून घ्यावे. उणीव भरून निघाली म्हणजे केस काळे होतीलच असे नाही. मज्जातंतू मात्र वाचतील.

केस पिकले म्हणजे आयुष्य घटले, ही भीतीही निराधार आहे. कोपनहेगन येथे सुमारे १३,००० स्त्रीपुरुषांच्या पाहणीत पांढऱ्या केसांचा आणि लवकर मृत्यूचा संबंध आढळला नाही.

कलप लावायचा त्याने खुशाल लावावा. पुष्कळ कलपांत, आणि ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीतही, पॅराफेनिलिनडायअमीन हे द्रव्य असते. त्याने काहींना तीव्र पुरळ उठते, डोळे सुजतात. म्हणून आधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी.

सारांश, पांढरा केस हा गुन्हा नव्हे आणि बहुधा रोगही नव्हे. तरुण मुलामुलींना त्यावरून टोचून बोलू नये. लग्नाच्या बैठकीत तर मुळीच नव्हे. तेलाच्या बाटलीवर महिनोन्‌महिने खर्च करण्यापूर्वी एकदा रक्ताची तपासणी करावी. पैसा वाचेल, आणि क्वचित एखाद्याचे आरोग्यही.