पाण्याकाठची तीन फूट वाट

वहिवाट हा शब्द आपल्याकडे तहसील कचेरीत इतका झिजला आहे की, त्याच्या पोटात ‘वाट’ आहे हे आपण विसरूनच गेलो आहो. बांधावरचा रस्ता कोणाचा, पाणंद कोणी नांगरली, यावरून सख्ख्या भावांची तोंडे फिरलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. आज एका निराळ्या वहिवाटीची हकिकत सांगावयाची आहे. ही वाट लक्षाधीशांच्या अंगणांतून जाते आणि तिच्यावर पाऊल टाकण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही.

अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचे संस्थान आहे. शिकागो शहरापासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर त्या संस्थानात जिनीव्हा नावाचे सरोवर आहे. स्वित्झर्लंडमधले प्रसिद्ध जिनीव्हा ते हे नव्हे. या सरोवराला अगदी पाण्याच्या कडेने वळसा घालणारी सुमारे 21 मैलांची, म्हणजे जवळजवळ 34 किलोमीटरांची पायवाट आहे. सकाळी लवकर निघालेला धडधाकट माणूस दिवेलागणीपर्यंत प्रदक्षिणा पुरी करतो. बहुतेक लोक मात्र एखादा टप्पा चालून समाधान मानतात.

वाट पाडली ती तेथल्या मूळच्या रहिवाशांनी. पोटावाटोमी जमातीची माणसे या काठाने ये-जा करीत. त्यांच्या बिगफूट नावाच्या नायकाचे गाव सरोवराच्या पश्चिम टोकाला, आज फाँटाना आहे तेथे होते. 1833 साली शिकागोला झालेल्या तहाने त्यांची जमीन गेली आणि 1836 मध्ये त्यांना तेथून उठवून मिसिसिपी नदीपलीकडे धाडण्यात आले. माणसे गेली, पायवाट राहिली. मागाहून आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी पाण्यालगतची तीन फूट जागा सर्वांसाठी मोकळी ठेवावयाचे ठरविले, असे त्या गावांत सांगतात.

1871 साली शिकागो जळाले. त्याच वर्षी सरोवरापर्यंत आगगाडी पोहोचली. शहर पुन्हा उभे राहीपर्यंत पैसेवाली कुटुंबे या काठी येऊन राहू लागली आणि मग उन्हाळ्यासाठी त्यांचे वाडे उठले. कोणी बिअर गाळून श्रीमंत झालेला, कोणी मांसाच्या व्यापारावर, तर रिग्ली घराणे चघळावयाच्या गोंदावर! बिअरवाल्या कॉनराड साइपचा ‘ब्लॅक पॉइंट’ हा 1888 सालचा वाडा आज सरकारी संग्रहालय झाला आहे. या वाड्यांची तोंडे पाण्याकडे आहेत. साहजिकच, घर आणि सरोवर यांच्या मधून वाट जाते. एका हाताला मालकाची हिरवळ, खुर्च्या, कधी चहा घेत बसलेली मंडळी. दुसऱ्या हाताला त्याचाच लाकडी धक्का आणि बांधलेली होडी. यांच्या मधून आपण चालावयाचे!

मला सर्वांत मौज वाटते ती या वाटेच्या अंगाची. तिची निगा कोणतीही नगरपालिका सलग राखीत नाही. ज्याच्या दारावरून जितका तुकडा जातो तितका तो सांभाळतो. त्यामुळे दर शेपन्नास पावलांवर पायाखालचा स्पर्श पालटतो. येथे विटा, पुढे खडी, मग काँक्रीट, मग नुसते गवत, मग उड्या मारीत ओलांडावयाचे दगड. मालकाचा स्वभावही त्यावरून ओळखावा. कोणी आपला तुकडा दिवाणखान्यासारखा राखतो, तर कोणी चालणाऱ्याने पुन्हा येऊ नये असा. पण तोडीत कोणी नाही. चालणाऱ्यानेही वाट सोडून हिरवळीवर जावयाचे नाही, दुसऱ्याच्या धक्क्यावर बसावयाचे नाही, आणि सायकल तर आणावयाचीच नाही. स्वच्छतागृह लागले तर गाव येईपर्यंत थांबावे लागते, हेही सांगून ठेवतो.

सरोवराचे पाणी तर कोणाच्याच मालकीचे नाही. नौका चालू शकेल असे जल हा सर्वांचा राजमार्ग आहे, हे तत्त्व 1787 च्या वटहुकुमापासून चालत येऊन विस्कॉन्सिनच्या 1848 च्या घटनेत बसले आहे. याच काठच्या विल्यम्स बे गावी, यर्क्स वेधशाळेत, आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर 1937 पासून पाव शतकाहून अधिक काळ संशोधन करीत होते.

आता कोणी म्हणेल, तेथले श्रीमंत मोठे उदार! मला तसे वाटत नाही, आणि त्याला कारण जर्मनीतील एक उदाहरण आहे. बर्लिनला लागून पोट्सडाम शहरात ग्रीब्निट्झ नावाचे सरोवर आहे. त्याच्या काठीही धनिकांचे बंगले आहेत, एकोणिसाव्या शतकापासूनचे. 1945 च्या पोट्सडाम परिषदेच्या वेळी ट्रुमन, चर्चिल आणि स्टालिन त्यांतच उतरले होते. 1961 मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, तेव्हा बंगल्यांच्या बागा कापून पाण्याकडेने पहारेकऱ्यांचा रस्ता काढण्यात आला. 1989 मध्ये भिंत पडली, पहारेकरी गेले आणि त्या रस्त्याने गावकरी फिरावयास जाऊ लागले. 2009 साली काही मालकांनी आपापल्या हद्दीत वाट अडविली. शहराची बाजू न्यायालयात टिकली नाही, आणि पुढे वर्षानुवर्षे दावे चालले.

आपल्या 1882 च्या ईझमेंट कायद्यात उघडपणे, शांततेने आणि हक्काने वीस वर्षे वापरलेल्या वाटेला मान आहे. तो खासगी वहिवाटीचा हिशेब. सार्वजनिक रस्त्याचे शास्त्र वेगळे, आणि जर्मन कायदा तर आणखीच वेगळा. तरी भिंत पडल्यापासून वाट अडेपर्यंत वीसच वर्षे झाली होती, हे सहज मनात येते.

दोन्ही सरोवरे सारखीच सुंदर, आणि दोन्हीकडचे मालक सारखेच श्रीमंत. दोन्ही वाटांच्या मुळाशी कोणाला तरी हुसकावल्याची कथा आहे. फरक माझ्या मते एवढाच की, विस्कॉन्सिनमध्ये वाट आधी आणि घरे नंतर. तेथे जमीन विकत घेणाऱ्याला अंगणातून लोक जाणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पोट्सडामला घरे आधीची आणि वाट नंतरची, तीही बंदुकीच्या धाकाने काढलेली. म्हणून मालकाला ती जखमेसारखी वाटली आणि चालणाऱ्याला ती सुटकेची खूण वाटली. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते.