घर आणि संलग्न गॅरेज यांमधील दरवाजा : अग्निसुरक्षा व गृहसुरक्षा यांचा समन्वय

प्रस्तावना

अमेरिकेतील उपनगरी घरांत मोटारीचे गॅरेज बहुधा घरालाच जोडलेले असते. नोकरी-व्यवसायानिमित्त न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास आदी राज्यांत स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबेही अशा घरांत राहतात. त्यांच्या रोजच्या ये-जा करण्याचा मार्ग पुष्कळदा दर्शनी दरवाजा नसून गॅरेजमधील आतला दरवाजा हाच असतो. दर्शनी दाराची निवड विचारपूर्वक होते. आतल्या दाराकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. वस्तुतः या दाराकडून परस्परविरोधी भासणाऱ्या दोन अपेक्षा असतात. त्याने आग, धूर आणि चोर यांना अडवावे. परंतु घरातील माणसाला बाहेर पडताना क्षणभरही अडवू नये. या दोन अपेक्षांचा मेळ कसा घालता येतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

धोक्याचे स्वरूप

गॅरेजमध्ये केवळ मोटार नसते. इंधनाचे डबे, रंग, थिनर, गवत कापण्याचे यंत्र, बॅटरीचे चार्जर आणि काही घरांत पाणी तापविण्याचे संयंत्रही तेथेच असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते व दूरच्या ठिणगीनेही पेट घेऊ शकते. गॅरेजमधील अशा उपकरणांचा ज्वलनस्रोत जमिनीपासून किमान १८ इंच उंच ठेवावा, या नियमामागे हेच कारण आहे. याशिवाय मोटारीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन व गंधहीन असल्याने झोपलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही.

नियमांची चौकट

‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’ ही आदर्श संहिता प्रथम २००० मध्ये प्रसिद्ध झाली. राज्ये व स्थानिक संस्था ती आपापल्या फेरफारांसह स्वीकारतात. त्यामुळे कोणत्याही घराबाबत अंतिम शब्द स्थानिक नियमांचाच असतो. या संहितेनुसार गॅरेजमधून थेट शयनगृहात उघडणारे दार ठेवता येत नाही. इतर खोल्यांकडील दारासाठी तीन पर्याय आहेत :

(१) किमान १ ३/८ इंच (सुमारे ३५ मि.मी.) जाडीचे भरीव लाकडी दार;
(२) तेवढ्याच जाडीचे, भरीव किंवा मधपोळ्यासारखा गाभा असलेले पोलादी दार;
(३) २० मिनिटांचे अग्निरोधक मानांकन असलेले दार.

दार आपोआप बंद व्हावे, ही अट २०१२ च्या आवृत्तीत आली; त्याचा लॅचही आपोआप अडकावा, ही अट २०२१ च्या आवृत्तीत घालण्यात आली. दाराप्रमाणेच भिंतही महत्त्वाची असते. सामायिक भिंतीला गॅरेजच्या बाजूने किमान अर्धा इंच जाडीचा जिप्सम बोर्ड लावावा लागतो.

दार म्हणजे केवळ फळी नव्हे

मानांकन मिळालेले दार हे फळी, चौकट, बिजागऱ्या व लॅच या सर्वांचा एकत्रित संच असते. त्याच्या बिजागरीकडील कडेवर चाचणी संस्थेची पट्टी असते. तिच्यावर रंग चढवू नये. पाळीव प्राण्यासाठी दाराला झरोका कापणे, साधी काच बसविणे किंवा मनाजोगी भोके पाडणे यांमुळे मानांकनाला अर्थ उरत नाही. २० मिनिटे हा प्रयोगशाळेतील चाचणीचा कालावधी आहे, प्रत्यक्ष आगीत मिळणारी हमी नव्हे. दार आग विझवीत नाही; ते कुटुंबाला जागे होऊन बाहेर पडण्यास अवधी मिळवून देते. हा अवधी दार बंद असेल तरच मिळतो. सामान आत नेताना दाराला टेकविलेली वीट रात्री तशीच राहिली, तर उत्तम दारही निरुपयोगी ठरते.

चोरीपासून संरक्षण

गॅरेजचे मोठे दार उघडणारा रिमोट अनेकदा बाहेर उभ्या असलेल्या मोटारीत राहतो. तो चोराच्या हाती पडल्यास गॅरेजमध्ये शिरून व मोठे दार पुन्हा लावून घेऊन, रस्त्यावरील कोणाच्याही दृष्टीस न पडता, तो आतल्या दाराशी खटपट करू शकतो. म्हणून या दाराचे कुलूप दर्शनी दाराच्या तोडीचे असावे. अमेरिकी मानकांत डेडबोल्टच्या तीन श्रेणी असून पहिली सर्वांत मजबूत मानली जाते. चौकटीवरील पट्टी ३ इंची स्क्रूंनी आतल्या मूळ लाकडी आधारापर्यंत पक्की करावी. दार गॅरेजच्या बाजूस उघडत असल्यास बिजागऱ्यांच्या खिळी तिकडे येतात. अशा वेळी खिळी काढता न येणाऱ्या बिजागऱ्या निवडाव्यात.

येथेच दोन अपेक्षांचा संघर्ष उभा राहतो. दोन्ही बाजूंनी किल्लीनेच उघडणारे कुलूप चोराला अवघड वाटते, परंतु धुराने भरलेल्या अंधारात किल्ली शोधणे घरच्यांना त्याहून अवघड जाते. म्हणून कुलूप आतून किल्लीविना, हाताने फिरवून उघडणारे असावे. आगीसाठी आपोआप अडकणारा लॅच आणि चोरीसाठी रात्री लावावयाचा डेडबोल्ट, अशी कामाची विभागणी केल्यास हा विरोध मावळतो.

समारोप

योग्य दाराची परीक्षा साधी आहे. ते वीतभर उघडून सोडून द्यावे. मदतीवाचून मिटून त्याचा लॅच अडकला पाहिजे. तसे न झाल्यास स्प्रिंगच्या बिजागऱ्या घट्ट कराव्यात किंवा बदलाव्यात. कडेचे रबर झिजले असल्यास नवे बसवावे, म्हणजे धूर व विषारी वायू यांना वाट कमी मिळते. दार वायू पूर्णपणे रोखू शकत नसल्याने शयनगृहांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र आवश्यकच ठरते. सारांश, दाराची किंमत किंवा वजन यांपेक्षा ते आपोआप बंद होते काय आणि आतून तत्काळ उघडते काय, हे दोन प्रश्नच निवडीचे खरे निकष होत.