अकाली मातृत्वाचे गणित

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी रस्त्याने निघालात की आरे-वारेची टेकडी लागते. तेथून दोन्ही अंगांना पसरलेले किनारे एका नजरेत दिसतात. पाहुणे मंडळी गाडी थांबवून खाली उतरतात आणि जेथे लाटा फुटत नाहीत अशी शांत जागा शोधून नेमकी तेथेच पाण्यात शिरतात. आता थोडा विचार करा. लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेले पाणी परत समुद्रात जाणारच. वाळूच्या दांड्यांमध्ये जेथे खोलगट वाट असते तेथून ते एकवटून वेगाने बाहेर पडते. तेथे पाणी खोल, म्हणून लाट फुटत नाही. म्हणून जागा शांत दिसते. आणि ओढ मात्र तेथेच सर्वांत जास्त असते. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावे. येथे माणसे बुडाल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. ‘पाण्यात उतरू नये’ असा फलक लावावा हे खरेच. पण फलक वाचूनही लोक उतरतात, आणि मग उपयोगी पडते ते ओढीचे ज्ञान.

कुमारवयातील गर्भधारणा हा विषय असाच आहे. त्याच्याभोवती आपण फलक पुष्कळ लावले. ओढ कोठे आणि कशामुळे असते हे मुलामुलींना सांगताना मात्र घरी आणि शाळेतही आवाज खाली जातो. भौतिकीच्या शिक्षकाने यात का पडावे, असे कोणी विचारील. पण महाराष्ट्रात हा विषय पहिल्यांदा उघडपणे मांडला तो एका गणिताच्या प्राध्यापकाने. त्यांच्याकडे आपण येऊच. आधी मोजमाप.

टाकी आणि नळ

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असे आढळले की महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गर्भवती होत्या. आधीच्या, २०१५-१६ च्या फेरीत हे प्रमाण ८.३ टक्के होते. अमेरिकेत २०२२ मध्ये याच वयोगटात दर हजार मुलींमागे १३.६ जन्म झाले. मग ‘आपल्याकडे हजारात ७६, तिकडे १४’ असे म्हणावे काय? नाही. पहिला आकडा टाकीत साठलेल्या पाण्याचा आहे. आजवर जे झाले ते सर्व त्यात आले. दुसरा आकडा नळाचा आहे. एका वर्षात किती आले एवढेच तो सांगतो. एककेच निराळी, तेव्हा तुलना कशी करणार? परीक्षेत एकक न लिहिल्यास गुण का कापतात ते यावरून ध्यानात यावे.

नळाशी नळ ताडून पाहू. त्याच सर्वेक्षणानुसार संपूर्ण भारतात १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये वर्षाला दर हजारी ४३ जन्म होतात. मुलगी या गटात पाच वर्षे राहते. म्हणजे दर असाच राहिला तर हजार मुली विशीत पोचेपर्यंत त्यांच्यात ४३ × ५ = २१५ जन्म झालेले असतील. (यातले काही दुसऱ्या खेपेचे, म्हणून आई झालेल्या मुली २१५ हून कमी.) २००५-०६ मध्ये हा दर ९० होता. उतार चांगलाच आहे, पण तळ अजून दूर आहे.

आता ‘अनियोजित’ हा शब्द घ्या. पाश्चात्त्य देशांत कुमारवयातील बहुतेक माता अविवाहित असतात. आपल्याकडे त्या बहुतेक विवाहित असतात. लग्न झाले, वर्षभरात पाळणा हलला, घरात पेढे वाटले. याला अनियोजित कोण म्हणेल? पण नियोजन केले कोणी, हा प्रश्न विचारून पाहा. लग्न कधी, कोणाशी आणि मूल कधी यांपैकी एकही गोष्ट त्या सतरा वर्षांच्या मुलीने ठरवलेली नसेल, तर तिच्या दृष्टीने ते मातृत्व अनियोजितच होय.

याचे मोल शरीर देते. मुलीची उंची साधारण पंधराव्या-सोळाव्या वर्षी वाढायची जवळजवळ थांबते, पण कटीची हाडे त्यानंतरही काही काळ वाढत असतात. उंचीवरून ‘पोर मोठी झाली’ असे म्हणणारे हे विसरतात. कटीची पोकळी लहान राहिली तर बाळंतपण अडते. त्यातच आपल्याकडे कुमारवयीन मुलींत रक्ताल्पता फार. जिच्या स्वतःच्या वाढीलाच लोह पुरत नाही तिने आणखी एका जीवाला ते द्यायचे. वीस ते चोवीस वयाच्या मातांपेक्षा या मुलींत गर्भारपणातील झटके आणि बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग यांचा धोका अधिक असतो, आणि त्यांची बाळेही अपुऱ्या दिवसांची व कमी वजनाची होण्याचा संभव अधिक असतो.

कायदा पुढे, रूढी मागे

१८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले गेले. बारा! आज ही सुधारणा वाटत नाही, पण तेवढ्यावरूनही महाराष्ट्रात रणे माजली. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी त्या कायद्याला विरोध केला. परक्या सरकारने आपल्या घरात डोकावू नये, हा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये शारदा कायद्याने मुलींचे विवाहाचे किमान वय १४ केले, १९४९ मध्ये ते १५ झाले आणि १९७८ मध्ये १८. शारदा कायद्याची एक गंमत, गंमत कसली, शोकांतिकाच, सांगण्यासारखी आहे. तो मंजूर झाला सप्टेंबर १९२९ मध्ये आणि लागू झाला १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी घाईघाईने लहान लहान मुलींची लग्ने उरकून घेतली. १९३१ च्या जनगणनेत त्याचा परिणाम स्पष्ट दिसला.

मग कायदा निरुपयोगी का? तसेही नाही. वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २०१५-१६ मध्ये २६.३ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २१.९ टक्के झाले. मात्र ही सरासरी आहे. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण सुमारे ४८ टक्के, बीडमध्ये सुमारे ४४. कोकणात ते पुष्कळच कमी आहे. कायदा तर राज्यभर एकच. मग फरक कशामुळे?

कोकणची माणसे शहाणी आणि मराठवाड्याची अडाणी, असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. दोन्हीकडे पोटासाठी गाव सोडावे लागते, पण सोडण्याची रीत निराळी आहे. कोकणातला गडी एकटा मुंबईला गेला, गिरणीत लागला, मनिऑर्डर पाठवू लागला. शेत, गुरे आणि म्हातारी माणसे बाईने सांभाळली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, त्यामागे हेच स्थलांतर आहे. बीडकडच्या ऊसतोडीचे मोजमाप ‘कोयत्या’त होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मुकादमाकडून उचल मिळते ती जोडीला. मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. आईबाप पाच-सहा महिने फडावर असताना वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही मुलीकडच्यांची काळजी. दोन्ही घरांच्या हिशेबाने लग्न लवकर उरकणे सोयीचे पडते. रूढी म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो, त्याच्या तळाशी पुष्कळदा असा रोकडा हिशेब असतो. अशा ठिकाणी मुलीसाठी सुरक्षित वसतिगृह आणि गावाजवळ दहावीपुढची शाळा झाली, तर ती पन्नास व्याख्यानांपेक्षा अधिक काम करील, असे मला वाटते.

ज्ञानाची भीती

आता त्या गणिताच्या प्राध्यापकाकडे वळू. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचा. महर्षी कर्वे यांचे ते चिरंजीव. महर्षींचे लग्न झाले तेव्हा वधू राधाबाई आठ वर्षांच्या होत्या. १८९१ मध्ये त्या बाळंतपणात वारल्या. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. पुढे त्याने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. या कामामुळे १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ मध्ये त्याने ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. अश्लीलतेचे खटले झाले; १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले होते, तरी दंड भरावा लागलाच. कर्व्यांचे म्हणणे साधे होते: शरीराची माहिती लपवल्याने नीती वाढत नाही, आजार आणि नको असलेली बाळंतपणे तेवढी वाढतात.

हे म्हणणे अंगवळणी पडायला आपल्याला फार वेळ लागतो आहे. २००५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आखला, आणि २००७ मध्ये विधिमंडळातल्या गदारोळानंतर महाराष्ट्र सरकारने लैंगिक शिक्षणाचा तो कार्यक्रम शाळांत थांबवला. मुले बिघडतील, ही भीती. गंमत अशी की त्याच वर्षी अमेरिकेत तेथील संसदेच्या सांगण्यावरून झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अहवाल आला. ‘लग्नापर्यंत संयम’ एवढेच शिकवणाऱ्या कार्यक्रमांतली मुले आणि तसा कार्यक्रम न मिळालेली मुले यांची तुलना त्यात केली होती. दोन्ही गटांच्या वर्तनात फरक आढळला नाही. म्हणजे नुसत्या उपदेशाने रथ पुढेही गेला नाही, मागेही नाही. उलट नीट माहिती दिल्याने मुले लवकर वाट चुकतात, याला निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत आधार मिळालेला नाही.

इंग्लंडचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. तेथे १९९८ मध्ये अठरा वर्षांखालील मुलींत गर्भधारणेचा दर हजारी सुमारे ४७ होता. १९९९ मध्ये सरकारने दहा वर्षांची योजना आखली: शाळेत स्पष्ट शिक्षण, मुलामुलींना न लाजता जाता येईल असे दवाखाने, आणि प्रत्येक भागाने आपापला आकडा मोजून त्याचे उत्तर द्यायचे. २०१४ पर्यंत दर निम्म्याहून खाली, सुमारे २३ वर आला. सगळे श्रेय योजनेचेच असे म्हणता येणार नाही, कारण काळही बदलत होता. पण ज्ञान आणि सेवा दोन्ही एकदमच पुरवल्या गेल्या, हे लक्षात घ्या. एकसरीतल्या मंडलात एक तार तुटली तरी दिवा लागत नाही.

फार दूर जायला नको. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने १९९८-९९ मध्ये खेड्यांतल्या अविवाहित मुलींसाठी रोज संध्याकाळी एक तास, असा वर्षभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला. त्यात आरोग्य होते, पैशाचा व्यवहार होता आणि आपले म्हणणे घरात मांडण्याचा सरावही. पुढच्या काही वर्षांत त्या गावांत मुलींच्या लग्नाच्या वयाचा मध्यक १६ वरून १७ वर गेला. एकच वर्ष? पण त्या वर्षात हाडे वाढतात आणि दहावी पदरात पडते. आणखी एक: हा वर्ग चालवायला आईवडिलांची संमती लागली आणि ती मिळाली.

कायद्याचा एक पेच मात्र शिक्षकांनी समजून घ्यावा. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्यानुसार अठराखालील मुलीशी लैंगिक संबंध हा गुन्हा आहे आणि माहिती मिळताच डॉक्टरने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठराखालील पत्नीलाही हे संरक्षण दिले. हेतू उत्तम, पण अडचणीत आलेली मुलगी किंवा तिची सासू पोलिसांच्या धाकाने दवाखान्याची पायरीच चढत नाही, असे होऊ शकते. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने गर्भपाताच्या संदर्भात निर्वाळा दिला की, मुलीने किंवा तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने कळवताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही. ही गोष्ट शिक्षकांनाही ठाऊक असायला हवी.

ठाऊक असायला हव्यात अशा आणखी दोन गोष्टी. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे आणि महाराष्ट्रात त्याखालची किशोरवयीनांसाठीची आरोग्य केंद्रे ‘मैत्री’ या नावाने सरकारी रुग्णालयांत चालतात. मुलगे आणि मुली दोघांनीही तेथे जाऊन शंका विचारायच्या आहेत. आणि गावात एखाद्या मैत्रिणीचे लग्न घाईने ठरत असेल, तर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी मदत मिळते.

करून पाहा

वहीत तीन स्तंभ आखा: आजीची पिढी, आईची पिढी, मोठ्या बहिणींची पिढी. नात्यातल्या आणि शेजारच्या निदान सात-सात स्त्रियांना, त्यांची इच्छा असेल तरच, दोन गोष्टी विचारा: लग्नाच्या वेळचे वय आणि शाळा कितवीत सुटली. नावे लिहू नका. प्रत्येक स्तंभातली वये चढत्या क्रमाने मांडा. सातांपैकी चौथे वय हा मध्यक. मग शाळा सुटल्याचे वर्ष आणि लग्नाचे वर्ष शेजारी ठेवून पाहा. कोणाच्या बाबतीत लग्नामुळे शाळा सुटली आणि कोणाच्या बाबतीत शाळा सुटल्यामुळे लग्न झाले, हे नुसत्या आकड्यांवरून कळणार नाही. ते आजीलाच विचारावे लागेल.