ऑनर्सची पदवी: सोलापूरहून जाणाऱ्या दोन वाटा

एका मुख्य विषयाचा खोलवर अभ्यास करून मिळवलेल्या पदवीला ऑनर्सची पदवी म्हणतात. बारावीनंतर सोलापूर जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला ती मिळवण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. इथल्याच विद्यापीठात चौथ्या वर्षापर्यंत शिकणे ही पहिली, तर सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा देऊन दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठात प्रवेश घेणे ही दुसरी. दोन्हीकडे चुरस आहे. नियम मात्र वेगवेगळे आहेत, आणि दोन्हीकडे अर्ज भरण्याच्या खूप आधी घेतलेले निर्णय पुढचा प्रवेश ठरवतात.

घरच्या विद्यापीठातले चौथे वर्ष

सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले. त्याआधी जिल्ह्यातली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती. एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधली चार वर्षांची पदवीरचना महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत सुरू झाली. त्यामुळे संलग्न महाविद्यालयांतली पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावर येते.

या रचनेत अभ्यास श्रेयांकांत मोजला जातो. एका सत्रात २० ते २२ श्रेयांक असतात. एका वर्षानंतर थांबणाऱ्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि तीन वर्षांनंतर किमान १२० श्रेयांकांवर पदवी मिळते. प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडताना चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिपही पूर्ण करावी लागते. ऑनर्ससाठी चौथे वर्ष आणि किमान १६० श्रेयांक लागतात. मिळवलेले श्रेयांक ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याच्या नावावर जमा होतात. म्हणून पहिल्याच सत्रात तिथले खाते उघडून त्याचा क्रमांक महाविद्यालयाला द्यावा.

चौथ्या वर्षाचे दोन प्रकार आहेत. साध्या ऑनर्समध्ये मुख्य विषयाचे वरच्या पातळीचे पेपर असतात. 'ऑनर्स विथ रिसर्च'मध्ये त्यांतल्या काही पेपरांऐवजी संशोधन प्रकल्प करावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात या प्रकल्पाला १२ श्रेयांक आहेत. खरी चुरस याच प्रकाराला आहे, कारण त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के गुण लागतात. शिवाय मान्यताप्राप्त पीएच.डी. मार्गदर्शक आणि प्रयोगशाळेची किंवा ग्रंथालयाची सोय असलेल्या विभागांतच हा प्रकार चालवता येतो, आणि एका मार्गदर्शकाकडे मोजकेच विद्यार्थी घेता येतात.

'पहिले वर्ष जरा सैल गेले तरी चालते, शेवटच्या वर्षी भरून काढू' ही समजूत इथे महागात पडते. पहिल्या दोन सत्रांत ६५ टक्के मिळाले, तर उरलेल्या चारही सत्रांत सरासरी ८० टक्के मिळवावे लागतात, तेव्हा कुठे एकूण ७५ टक्के होतात. पहिली दोन सत्रे ७२ टक्क्यांची असतील, तर पुढे साडेशहात्तर टक्के पुरतात. बारावीहून आलेला विद्यार्थी नव्या महाविद्यालयात रुळत असतो त्या पहिल्या सहा महिन्यांचे गुणही या हिशेबात तितकेच वजनदार असतात.

गुणांइतकीच महत्त्वाची असते ती संशोधनाच्या प्रश्नाची निवड. सोलापूर जिल्हा त्या बाबतीत श्रीमंत आहे. उजनी धरणाचे पाणी, नान्नजच्या माळढोक अभयारण्यातली गवताळ माळराने, यंत्रमागावरची चादर आणि टॉवेल, कुंभारीतली विडी कामगार स्त्रियांची वसाहत असे विषय हाताशी आहेत. मात्र 'उजनीचे प्रदूषण' हा वर्षभरात पेलणारा प्रश्न नाही. 'जलाशयाच्या ठरावीक तीन ठिकाणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाण्यातल्या नायट्रेटचे प्रमाण किती बदलते' हा पेलणारा आहे. नमुने कुठून घ्यायचे, किती वेळा घ्यायचे आणि तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत करायची, हे त्यात आधीच ठरते. असा नेमका प्रश्न घेऊन पाचव्या सत्रातच प्राध्यापकांना भेटणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक मिळणे सोपे जाते.

सीयूईटीमार्गे दिल्ली

दिल्ली विद्यापीठात पूर्वी बारावीच्या टक्केवारीवर कटऑफ लागत असे. २०२२ पासून बहुतेक पदवी प्रवेश सीयूईटीच्या गुणांवर होतात. बारावी उत्तीर्ण होणे आवश्यक असले, तरी बोर्डाचे गुण मुख्यतः दोघांचे सीयूईटी गुण सारखे आल्यावरच विचारात घेतात. पदवीच्या सुमारे ७० हजार जागांसाठी देशभरातून अर्ज येतात. तिथे तीन वर्षांनंतरही ऑनर्सची पदवी घेऊन बाहेर पडता येते, महाराष्ट्रात त्यासाठी चौथे वर्ष पूर्ण करावे लागते. दोन्ही ठिकाणांची तुलना करताना हा फरक लक्षात ठेवावा.

२०२५ च्या रचनेनुसार सीयूईटीत जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात. प्रत्येक पेपरात ५० प्रश्न आणि ६० मिनिटे असतात. बरोबर उत्तराला पाच गुण मिळतात, चुकीला एक गुण कापला जातो. ४० प्रश्न सोडवून ३४ बरोबर आणि ६ चुकले, तर १७० वजा ६ असे २५० पैकी १६४ गुण होतात. परीक्षेच्या तेरा भाषांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या सोलापुरात घरोघरी बोलल्या जाणाऱ्या चारही भाषा आहेत. विषयांचे पेपर मात्र एनसीईआरटीच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर बेतलेले असतात. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याने दोन्ही पुस्तकांची प्रकरणे अकरावीतच ताडून पाहावीत आणि उरलेला भाग वेगळा काढून शिकावा.

विषयांच्या जोडणीत अनेकांचा प्रवेश हुकतो. दिल्ली विद्यापीठात बारावीला असलेल्या विषयांतच सीयूईटी द्यावी लागते. अर्थशास्त्र ऑनर्ससाठी गणित अनिवार्य आहे. अकरावी कॉमर्सला गणिताऐवजी एस.पी. (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेणाऱ्या विद्यार्थ्याला हे दार पुढे बंद असते, मग बारावीला कितीही टक्के पडोत. भौतिकशास्त्र ऑनर्सची गुणवत्ता यादी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या तीन विषयांवर लागते, भाषेच्या पेपरात मात्र किमान ३० टक्के लागतात.

कागदपत्रांत सर्वाधिक घोळ जातीच्या दाखल्याचा होतो. राज्यातले व्हीजे-एनटी आणि एसबीसी हे प्रवर्ग केंद्रीय विद्यापीठांत नसतात. तिथे एससी, एसटी, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस एवढेच प्रवर्ग आहेत. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का हे आधी पाहावे, आणि असेल तर केंद्रीय नमुन्यातला चालू आर्थिक वर्षाचा नॉन-क्रिमीलेअर दाखला काढून ठेवावा. निकालानंतर तहसील कार्यालयाच्या खेपा घालण्याइतका वेळ नसतो.

गुण हाती आल्यावर विद्यापीठाच्या जागावाटपाच्या सीएसएएस संकेतस्थळावर अभ्यासक्रम आणि महाविद्यालय यांच्या जोड्या पसंतीक्रमाने भरायच्या असतात. आवडता विषय दुय्यम नावाच्या महाविद्यालयात घ्यायचा, की नामांकित महाविद्यालयात दुसरा विषय घ्यायचा, याचा निर्णय याच यादीत होतो. ऑनर्समध्ये एकाच विषयासोबत तीन-चार वर्षे काढायची असल्याने विषयाला अग्रक्रम देणे शहाणपणाचे. वसतिगृहांच्या जागा थोड्या असल्याने राहण्या-जेवणाचा खर्चही घरच्या हिशेबात आधीच धरावा लागतो.

पुढचे शिक्षण

चार वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. किंवा एम.एस्सी. एका वर्षात पूर्ण करता येते. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील, तर २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीशिवायही पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. एससी, एसटी, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. ज्याला तीन वर्षांनंतर स्पर्धा परीक्षा द्यायची किंवा नोकरी करायची आहे, त्याला तीन वर्षांची पदवी पुरेशी आहे. संशोधन आणि अध्यापनाकडे कल असलेल्याने मात्र अकरावीचे विषय निवडतानाच ऑनर्सचा विचार करावा.